सामाईक भिंत आणि परसदार

इंग्लंडमधील नगरांत एकाला एक लागून उभ्या असलेल्या घरांच्या लांबच लांब रांगा दिसतात. अशा रांगेतील घराच्या दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक असतात, पुढे रस्ता असतो. कुटुंब वाढले म्हणजे घर वाढवायला एकच दिशा उरते, ती परसाची. आणि परसात जायला पुष्कळदा घरातूनच वाट असते. या अडचणीमागे साडेतीन शतकांचा इतिहास आहे.

1666 साली लंडन आगीत भस्मसात झाले. पुढच्याच वर्षी कायदा झाला, की घरे विटांची वा दगडांची असावीत आणि भिंतींची जाडी ठरलेली असावी. दोन घरांमधील भिंत आता केवळ आडोसा राहिली नाही. ती दोन्ही कुटुंबांचे रक्षण करणारी सामाईक ठेव झाली.

गिरण्यांच्या काळात मात्र कामगारांसाठी पाठीला पाठ लावून घरे उठली. त्यांना परस नव्हते, मागचे दार नव्हते, खेळती हवा नव्हती. रोगराईने डोळे उघडले. 1875 च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यानंतर 1877 साली नमुना उपविधी प्रसिद्ध झाले. प्रत्येक नव्या घरामागे किमान 150 चौरस फूट मोकळी जागा असावी, तीत शौचकूप व राखेचा खड्डा यांखेरीज काही बांधू नये, असे त्यांत सुचविले होते. पाठीला पाठ लावलेल्या घरांवर देशभर बंदी यायला 1909 साल उजाडावे लागले. लीड्समध्ये तर ती 1937 पर्यंत बांधली जात होती.

अनेक नगरांत परसामागे बोळ राखले गेले. कोळसा त्यातून येई, राख व मैला त्यातूनच जाई. मुंबईच्या जुन्या चाळींमागील घरगल्ली पाहिलेल्यांना हे चित्र परके वाटणार नाही. लंडनच्या पुष्कळ रस्त्यांवर मात्र एका घराची बाग दुसऱ्या घराच्या बागेला भिडलेली असे. तेथे बोळच नव्हता.

मूळ घरांच्या मागे भांडी घासण्याची अरुंद खोली असे. मधल्या खोलीला उजेड मिळावा म्हणून तिची रुंदी घराहून कमी ठेवीत. 1949 पासून घरसुधारणेसाठी सरकारी अनुदान मिळू लागले. 1959 च्या कायद्याने न्हाणी, गरम पाणी, शौचकूप अशा मूलभूत सोयींसाठी ठरावीक अनुदान दिले, आणि अनेक घरांची न्हाणीघरे परसाच्या अंगाला उभी राहिली.

वाट नसलेल्या परसात बांधकाम करणे म्हणजे गवंड्याच्या धीराची परीक्षाच. पायाची माती बादल्यांतून दिवाणखान्यातून पुढच्या दारी न्यावी लागते. विटा, वाळू, सिमेंट त्याच वाटेने आत येतात. लोखंडी तुळई तुकड्यांनी आणून आत जोडतात. शेजाऱ्याच्या अंगणातून गेल्यास काम किती सोपे होईल! परंतु 1992 च्या कायद्यान्वये न्यायालयामार्फत शेजारी प्रवेश मिळतो तो असलेल्या वास्तूच्या जतनापुरता. निव्वळ नव्या बांधकामासाठी नव्हे. 1996 चा सामाईक भिंतींचा कायदा 1997 साली अमलात आला. सामाईक भिंतीला हात लावण्यापूर्वी दोन महिने, तर शेजारच्या वास्तूपासून 3 मीटरच्या आत तिच्या पायाहून खोल खणण्यापूर्वी एक महिना आधी लेखी सूचना द्यावी लागते. त्या कायद्यात बसणाऱ्या कामांसाठी शेजारच्या जागेत पाऊल ठेवता येते. नुकसान झाल्यास भरपाईही द्यावी लागते. 2008 पासून इंग्लंडमध्ये रांगेतील घरामागे 3 मीटरपर्यंत एकमजली वाढ, काही अटी पाळून, नियोजनाच्या अर्जाविना करता येते. तरी ही सूचना टळत नाही. शिवाय 1832 च्या कायद्याप्रमाणे खिडकीने 20 वर्षे अखंड उपभोगलेला उजेड अडविता येत नाही.

आपल्याला हवी असलेली एक खोली शेजाऱ्याचा उजेड, त्याचा पाया, त्याची शांतता यांना स्पर्श केल्यावाचून उभी राहत नाही, हे मान्य करायला कायद्याला इतका काळ लागला. कायद्याने वाट दिली, तरी मातीचे घमेले उचलण्यापूर्वी शेजाऱ्याचे दार वाजवावे, हेच बरे.