एक उत्तरपत्रिका, दोन निकाल

प्रमाणपत्र ही एक प्रकारची हुंडीच असते. ती लिहून देणारी पेढी एका गावी असते आणि ती वटवली जाते दुसऱ्याच गावी. लिहून देणाऱ्या पेढीवर लोकांचा भरवसा असेल तोवर त्या कागदाला मोल. तो भरवसा डळमळला की तोच कागद रद्दीच्या भावाचा. परीक्षामंडळाने दिलेल्या प्रमाणपत्राचेही असेच आहे. ते देणारे मंडळ एका प्रांतात असते, आणि ते स्वीकारणारे विद्यापीठ, कारखाना वा कचेरी पुष्कळदा दुसऱ्या प्रांतात. म्हणून या मंडळांनी कसे वागावे याचे नियम कोण करतो, आणि शेजारच्या प्रांतातील नियमकर्त्याशी त्याचा मेळ कितपत बसतो, हा प्रश्न वरवर कारकुनी स्वरूपाचा वाटला तरी हजारो मुलामुलींचे भवितव्य त्यावर अवलंबून असते. ग्रेट ब्रिटन व उत्तर आयर्लंड यांच्या संयुक्त राज्यात या प्रश्नाचा फार बोधप्रद इतिहास घडला आहे. तेथे इंग्लंड, वेल्स, स्कॉटलंड व उत्तर आयर्लंड या चार भूभागांत परीक्षांच्या नियमनाच्या चार पद्धती नांदत आल्या आहेत, आणि विद्यार्थी मात्र या चारही भूभागांत मोकळेपणाने ये-जा करतात. त्या इतिहासाचा परामर्श प्रस्तुत लेखात घ्यावयाचा आहे.

या भेदाची मुळे एकोणिसाव्या शतकात सापडतात. इंग्लंडमध्ये शालेय परीक्षांचा जन्म सरकारी खात्यात झाला नाही, तो विद्यापीठांच्या अंगणात झाला. लंडन विद्यापीठाने १८३८ मध्ये आपली पहिली मॅट्रिक्युलेशन परीक्षा घेतली. ऑक्सफर्ड व केंब्रिज यांनी १८५८ मध्ये स्थानिक परीक्षा सुरू केल्या. पुढे १९०३ मध्ये उत्तरेकडील विद्यापीठांनी आपले संयुक्त मॅट्रिक्युलेशन मंडळ स्थापिले. शासनाने या गर्दीत पाऊल टाकले ते बरेच उशिरा, १९१७ मध्ये, माध्यमिक शाळांच्या परीक्षांसाठी एक परिषद नेमून. आणि तेही परीक्षा स्वतः घेण्यासाठी नव्हे, तर परीक्षा घेणाऱ्यांत काही एकवाक्यता आणण्यासाठी. स्कॉटलंडची रीत याच्या अगदी उलट. तेथे १८८८ मध्ये शिक्षणखात्यानेच ‘लीव्हिंग सर्टिफिकेट’ची परीक्षा सुरू केली, म्हणजे परीक्षक आणि शास्ता एकच. वेल्सने मधला मार्ग पत्करला. १८८९ च्या कायद्याने तेथे माध्यमिक शाळांचे जाळे उभे राहिले आणि त्यांच्या परीक्षांसाठी १८९६ मध्ये केंद्रीय वेल्श मंडळ आले. त्याची जागा १९४८ मध्ये ‘वेल्श जॉइंट एज्युकेशन कमिटी’ या मंडळाने घेतली. हे मंडळ म्हणजे वेल्समधील स्थानिक शिक्षणाधिकाऱ्यांचा समाईक संसार होता.

मुळे अशी वेगवेगळी असली तरी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्कॉटलंडखेरीज उरलेल्या तिन्ही भूभागांचे प्रमाणपत्र एकच झाले. १९५१ मध्ये ‘जनरल सर्टिफिकेट ऑफ एज्युकेशन’ आले आणि सोळाव्या वर्षी द्यावयाची जी. सी. एस. ई. ही परीक्षा १९८८ मध्ये प्रथम झाली. मंडळे अनेक, परंतु प्रमाणपत्राचे नाव एक आणि श्रेणींची भाषा एक. लिव्हरपूलच्या मालकाने कार्डिफच्या मुलाचे प्रमाणपत्र पाहावे आणि त्याविषयी दुसरा प्रश्न विचारू नये, इतका तो व्यवहार सरळ होता. स्कॉटलंडने आपली परंपरा स्वतंत्र ठेवली. तेथे १९९७ मध्ये ‘स्कॉटिश क्वालिफिकेशन्स ऑथॉरिटी’ ही एकच संस्था प्रमाणपत्रे देऊ लागली, आणि इतरांच्या व्यावसायिक अर्हतांना मान्यता देण्याचे कामही तिच्याच एका शाखेकडे आले.

या एकवाक्यतेला तडा जाण्याची बीजे १९९९ मध्ये पेरली गेली. त्या वर्षी स्कॉटलंडची संसद व वेल्सची विधानसभा अस्तित्वात आल्या आणि शिक्षणाचा कारभार त्यांच्या हाती गेला. आता प्रमाणपत्राचे नाव समाईक, पण धोरण मात्र ज्याचे त्याचे, अशी स्थिती झाली. वेल्सने अकराव्या वर्षी घेतल्या जाणाऱ्या राष्ट्रीय चाचण्या बंद केल्या. इंग्लंडने त्या चालू ठेवल्या. त्या वेळी या फरकाचा माध्यमिक परीक्षेच्या निकालाशी संबंध येईल असे फारसे कोणाच्या मनात आले नसावे. तो कसा आला हे पुढे दिसेल.

दरम्यान नियमनाची घडीही प्रत्येकाने आपापल्या परीने बसविली. इंग्लंडमध्ये १ एप्रिल २०१० रोजी ‘ऑफक्वाल’ ही नियामक संस्था कायद्याने उभी राहिली. ती मंत्र्यांच्या खात्याचा भाग नाही. तिने आपला जाब संसदेला द्यावयाचा असतो. ती स्वतः एकही परीक्षा घेत नाही. प्रमाणपत्रे देऊ इच्छिणाऱ्या प्रत्येक संस्थेला ती मान्यता देते आणि मान्यतेच्या सामान्य अटी तिच्यावर घालते. संस्थेची पात्रता, हितसंबंधांची टक्कर टाळणे, प्रश्नपत्रिकांची रचना, उत्तरपत्रिकांची तपासणी, श्रेणीनिश्चिती, फेरविचार आणि प्रमाणपत्राचे वितरण, या साऱ्यांचा त्यांत समावेश आहे. अटी मोडणाऱ्या मंडळाला वार्षिक उलाढालीच्या १० टक्क्यांपर्यंत दंड करण्याचा अधिकारही ऑफक्वालला आहे. वेल्समध्ये मात्र त्या वेळी असे वेगळे मंडळ नव्हते. तेथे सरकार, म्हणजे अंतिमतः शिक्षणमंत्री, हाच नियामक होता. उत्तर आयर्लंडमध्ये १९९४ पासून सी. सी. ई. ए. ही एकच संस्था अभ्यासक्रम सुचवी, परीक्षा घेई आणि नियमनही करी. सारांश, परीक्षक व शासन यांच्यामध्ये कोणी उभे राहावे, या प्रश्नाला चार शेजाऱ्यांनी चार उत्तरे दिली होती.

या उत्तरांची कसोटी २०१२ च्या ऑगस्टमध्ये लागली. त्या वर्षी इंग्रजी भाषेच्या नव्या जी. सी. एस. ई. परीक्षेचे निकाल प्रथमच लागले. ही परीक्षा खंडाखंडाने देता येत असे. काही विद्यार्थ्यांनी एखादा भाग जानेवारीत दिला, काहींनी जूनमध्ये. निकाल हाती आल्यावर शिक्षकांच्या ध्यानात आले की, ‘सी’ श्रेणीची सीमारेषा जूनमध्ये वर सरकविण्यात आली आहे. जे गुण जानेवारीत ‘सी’ मिळवून देत होते ते जूनमध्ये अपुरे पडले. या ‘सी’चे मोल निव्वळ मानाचे नव्हते. पुढील वर्गात प्रवेश, उमेदवारीची जागा, कित्येक नोकऱ्या, या सगळ्यांचा उंबरठा तोच होता.

सीमारेषा का सरकली? ऑफक्वालचे धोरण असे होते की, नव्या परीक्षेच्या पहिल्या वर्षी निकाल आदल्या वर्षांशी तुलनीय राहावेत. श्रेणी उगीच फुगू नयेत. त्यासाठी अकराव्या वर्षीच्या चाचण्यांतील गुणांवरून या वर्गाचा निकाल साधारण किती लागावा याचा अंदाज बांधला जाई आणि मंडळांचे निकाल त्याच्याशी ताडून पाहिले जात. हेतू वावगा नव्हता. परंतु वेल्समधील मुलांनी त्या चाचण्या दिल्याच नव्हत्या! शेजाऱ्याने एक माप टाकून दिले होते आणि दुसऱ्याने त्याच मापावर समाईक धान्य मोजावयास घेतले होते. वेल्समधील निकाल घसरला, आणि तेथील शासनाच्या चौकशीचा निष्कर्ष निघाला की, मुलांवर अन्याय झाला आहे.

वेल्सचे शिक्षणमंत्री लेटन अँड्रूज यांनी सप्टेंबर २०१२ मध्ये आपल्या नियामक अधिकाराचा वापर करून वेल्श मंडळाला निकाल पुन्हा ठरविण्याचा आदेश दिला. सुमारे २४०० विद्यार्थ्यांच्या श्रेणी त्यामुळे वर गेल्या. परंतु याच मंडळाची हीच परीक्षा इंग्लंडमधील पुष्कळ शाळांनीही दिली होती. त्यांच्यावर अधिकार ऑफक्वालचा. आणि ऑफक्वालने सीमारेषा बदलण्यास नकार दिला. इंग्लंडचे शिक्षणमंत्री मायकेल गोव्ह यांनी वेल्सच्या निर्णयावर कठोर टीका केली. परिणाम असा झाला की, एकाच मंडळाची एकच प्रश्नपत्रिका सोडवून तितकेच गुण मिळविलेली दोन मुले, एक सीमेच्या पश्चिमेस व दुसरे पूर्वेस राहते एवढ्याच कारणाने, एक उत्तीर्णांच्या रांगेत तर दुसरे बाहेर, अशी उभी राहिली. इंग्लंडमधील काही विद्यार्थी, शाळा व स्थानिक संस्था यांनी दोन इंग्लिश मंडळे व ऑफक्वाल यांच्याविरुद्ध उच्च न्यायालयात दाद मागितली. फेब्रुवारी २०१३ मध्ये न्यायालयाने ती फेटाळली. विद्यार्थ्यांच्या पदरी विषमता आली हे खरे, परंतु तिचे मूळ परीक्षेच्या रचनेत आहे, नियामकाच्या बेकायदेशीर वर्तनात नाही, असा त्या निर्णयाचा आशय होता.

या प्रकरणात कोणाचे बरोबर होते? दोन्ही बाजूंपाशी सबळ युक्तिवाद होता, हेच त्याचे मर्म आहे. श्रेणीचे मोल वर्षानुवर्षे टिकवावयाचे तर नियामकाने लोकक्षोभापुढे झुकू नये, हे ऑफक्वालचे म्हणणे. आणि प्रत्यक्ष मुलावर झालेला अन्याय दिसत असता केवळ सांख्यिकीच्या आधारे तो झाकू नये, हे वेल्सचे. परंतु वेल्सच्या भूमिकेत एक उणीव होती आणि ती तेथील जाणकारांनीच ओळखली. मंत्री हाच नियामक असेल तर त्याने केलेला न्यायही मतांसाठी केला असे म्हणावयास वाट राहते. ह्यू इव्हान्स यांच्या अध्यक्षतेखालील समितीने नोव्हेंबर २०१२ मध्ये स्वतंत्र संस्थेची शिफारस केली आणि ‘क्वालिफिकेशन्स वेल्स’ने सप्टेंबर २०१५ मध्ये काम सुरू केले.

यानंतर वाटा उघडपणे वेगळ्या झाल्या. इंग्लंडने २०१७ पासून अक्षरांच्या जागी ९ ते १ असे अंक आणले; वेल्सने अक्षरे राखली. उत्तर आयर्लंडने २०१९ पासून अक्षरांतच तारांकित ‘सी’ची भर घातली, आणि २०१६ च्या निर्णयाने तेथील शाळांना अंकश्रेणीच्या इंग्लिश परीक्षा घेण्याचीही मुभा मिळाली. वेल्सच्या नव्या कायद्याने नियामकाला आणखी एक हत्यार दिले : महत्त्वाच्या एखाद्या अर्हतेसाठी एकाच मंडळाला मान्यता देऊन बाकीच्यांना दूर ठेवण्याचे. इंग्लंडमध्ये मंडळांची स्पर्धा, तर वेल्समध्ये नेमलेले एक मंडळ, असा हा भेद. वेल्श मंडळ आज इंग्लंडमध्ये ‘एडुकास’ या निराळ्या नावाने परीक्षा घेते. संस्था एक, पण नावे दोन आणि नियम दोन. हे ऐकावयास विचित्र वाटेल. तथापि २०१२ पेक्षा ही स्थिती अधिक प्रामाणिक आहे. ज्याच्या हाती अंकाचे प्रमाणपत्र आहे आणि ज्याच्या हाती अक्षराचे, त्या दोघांनाही आपण निराळी परीक्षा दिली हे आधीपासून ठाऊक असते, आणि स्वीकारणाऱ्यालाही ते कागदावरच दिसते.

तरीही वेगळेपणाला मर्यादा आहे, हे २०२० ने दाखविले. महामारीमुळे परीक्षा रद्द झाल्या आणि चारही नियामकांनी शिक्षकांनी दिलेले अंदाज गणिती सूत्रांनी दुरुस्त केले. स्कॉटलंडमध्ये सुमारे १ लाख २५ हजार निकाल खाली आले. लोकांचा रोष अनावर झाला, आणि ११ ऑगस्टला तेथील सरकारने शिक्षकांचे अंदाज मान्य केले. इंग्लंडमध्ये ए-लेव्हलच्या सुमारे ४० टक्के श्रेणी शिक्षकांच्या अंदाजापेक्षा खाली आल्या होत्या. १७ ऑगस्टला इंग्लंड, वेल्स व उत्तर आयर्लंड यांनीही तीच वाट धरली. २०१२ मध्ये शेजाऱ्याने दिलेली सवलत इंग्लंडला नाकारता आली. २०२० मध्ये ती नाकारणे अशक्य झाले, कारण विद्यापीठांच्या त्याच जागांसाठी चारही भूभागांतील मुले उभी होती. पेढ्या वेगळ्या असल्या तरी बाजार एक असेल तर एकीच्या हिशेबाची झळ दुसरीला लागतेच. स्कॉटलंडमध्ये परीक्षा घेणारी संस्था आणि मान्यता देणारी संस्था एकच असावी का, हा जुना वाद यानंतर पुन्हा उपस्थित झाला. केन म्युर यांच्या २०२२ च्या अहवालाने ही कामे विभागण्याची शिफारस केली, आणि २०२५ मध्ये तेथील संसदेने जुन्या संस्थेच्या जागी नवी संस्था आणणारा कायदा संमत केला.

हा इतिहास आपल्याला परका वाटण्याचे कारण नाही. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले ते लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर, मुख्यतः परीक्षा घेणारी संस्था म्हणून. आपली मॅट्रिक त्याच झाडाची फांदी. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांच्या सीमा बदलल्या तेव्हा बेळगावच्या मराठी शाळा म्हैसूर राज्यात आल्या, तर मराठवाडा हैदराबादपासून तुटून मुंबई राज्यात गेला. भाषा व पाठ तेच राहिले, पण परीक्षेचा धनी बदलला. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी शाळेतील मुलगा एका राज्याच्या मंडळाचे प्रमाणपत्र घेऊन दुसऱ्या राज्यातील महाविद्यालयाच्या दारात उभा राहतो, हे आपणा शिक्षकांना नित्य परिचयाचे आहे. निरनिराळ्या मंडळांत समकक्षता आणण्यासाठी २०२३ मध्ये राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेत ‘परख’ हे केंद्र स्थापन झाले आहे, ते याच गरजेतून.

समकक्षता म्हणजे एकरूपता नव्हे, हा ब्रिटनच्या अनुभवाचा पहिला धडा. प्रत्येक प्रांताने आपल्या भाषेला व गरजेला साजेसे नियम करावेत. त्यात गैर काही नाही. मात्र ते नियम परीक्षेपूर्वी जाहीर असावेत, प्रमाणपत्राच्या कागदावर ओळखू यावेत, आणि ते राखणारा परीक्षक व मंत्री या दोघांपासूनही काही अंतरावर उभा असावा. उत्तरपत्रिका लिहून झाल्यावर नियमकर्त्यांत जो मतभेद निघतो, त्याची किंमत नियमकर्ते देत नाहीत. ती सोळा वर्षांचे मूल देते, आणि ती चुकविण्याचे त्याच्यापाशी कोणतेही साधन नसते.