कृतिप्रधान विज्ञानसंवाद प्रशिक्षण

कृतिप्रधान विज्ञानसंवाद प्रशिक्षण : लोकांपर्यंत विज्ञान नेणारे शिक्षक, कार्यकर्ते व विद्यार्थी यांना प्रयोग, साधननिर्मिती आणि प्रात्यक्षिके यांतून घडवण्याची पद्धती. नुसते वाचलेले विज्ञान समोरच्याने शंका काढली की अडते. हाताने केलेले, एकदा फसलेले आणि पुन्हा जमवलेले विज्ञान शंकेला सामोरे जाते, हे या पद्धतीचे मूलतत्त्व होय.

पूर्वपीठिका : या विचाराचे एक मूळ वर्धा जिल्ह्यात आहे. 22 व 23 ऑक्टोबर 1937 रोजी महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. हस्तोद्योगाला शिक्षणाचा कणा मानणाऱ्या नयी तालीमची योजना तिथून पुढे आली; तिचा आराखडा झाकीर हुसेन समितीने तयार केला. टकळीवर सूत काततानाच मुलाला कापसाचे बोंड, धाग्याचा पीळ आणि हिशेब समजावा, तर शिक्षकाला आधी स्वतः कातता यायला हवे, ही अपेक्षा त्यात होती.

कार्यपद्धती : शिबिरार्थी प्रथम साधन बनवतो. उदा., काडीपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी जोडून तो चौकोन व त्रिकोण तयार करतो. बोटाने दाबल्यावर चौकोन कलंडतो, त्रिकोण मात्र आकार सोडत नाही. मग तो घराच्या छपराची कैची पाहतो आणि तिच्यातील त्रिकोणांचे कारण परिभाषेचा आधार न घेता दुसऱ्याला सांगतो. ऐकणाऱ्यानेही ते करून पाहिले म्हणजे संवाद पुरा होतो.

महाराष्ट्रातील कार्य : डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम स्थापन केला. तेथील शिक्षण शेती, बांधकाम, वीज, यंत्रकाम अशा प्रत्यक्ष कामांभोवती रचलेले आहे. माती तपासून तिचा अर्थ शेतकऱ्याला उलगडून सांगणारा विद्यार्थी हाच या रीतीने विज्ञानाचा संवादक ठरतो. मध्य प्रदेशातील शाळांसाठीच्या होशंगाबाद विज्ञान कार्यक्रमाशी 1978 पासून जोडले गेलेले अभियंते अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंपासून शेकडो वैज्ञानिक खेळणी घडवली. पुण्यातील आयुका या खगोलविज्ञान संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी 2003 ते 2014 या काळात हे काम केले. 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मुंबईचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र (स्थापना 1974) आणि मराठी विज्ञान परिषद (स्थापना 1966) यांचेही विज्ञानशिक्षण व विज्ञानप्रसारात मोठे योगदान आहे.

महत्त्व : या प्रशिक्षणाला महागडी प्रयोगशाळा लागत नाही. वर्धा जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील तळेगाव (श्यामजी पंत) यासारख्या गावातही काड्या, बाटल्या, भिंगे व माती यांवर ते उभे राहू शकते. मात्र एका दिवसाचा कार्यक्रम पुरत नाही; संवादकाने पुन्हा त्याच लोकांकडे जाऊन त्यांच्या शंका ऐकाव्या लागतात. कारण विज्ञानाबरोबर तपासून पाहण्याची सवय रुजावी, हे या प्रशिक्षणाचे खरे उद्दिष्ट आहे.