योसेफ सुदेकची खिडकी : एकांताची कारणमीमांसा

प्रागचा छायाचित्रकार योसेफ सुदेक (१८९६-१९७६) याने आपल्या चित्रशाळेच्या खिडकीची छायाचित्रे १९४० ते १९५४ या काळात घेतली. त्यांची उपपत्ती बहुधा दोन प्रकारे लावली जाते. एका मताने ती युद्धात हात गमावलेल्या माणसाच्या वेदनेची अभिव्यक्ती होय; दुसऱ्या मताने जर्मन अमलात शहरात हिंडणे दुष्कर झाल्यामुळे त्याने कॅमेरा घरात वळविला. ही मते कितपत ग्राह्य आहेत, हे येथे पाहावयाचे आहे.

पहिल्या मताला कालक्रम अनुकूल नाही. पुस्तकबांधणीचा व्यवसाय शिकलेल्या सुदेकचा उजवा हात पहिल्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर गेला. पुढे १९२२ ते १९२७ च्या दरम्यान त्याने प्रागच्या अपंग सैनिकांच्या आश्रमात आपल्यासारख्याच सोबत्यांची छायाचित्रे घेतली. १९२६ साली चेक फिलहार्मोनिक वाद्यवृंदाबरोबर इटलीस गेला असता मंडळींना सोडून तो जखमी झालेल्या जागेच्या शोधात निघाला व सुमारे दोन महिन्यांनी परतला. म्हणजे स्मृतीचा सल तेव्हाही होताच. परंतु त्यातून उद्भवलेली चित्रे माणसांची होती. खिडकी अजून दूर होती.

दुसरे मत आरंभापुरते पटते. तथापि जर्मन अंमल १९४५ मध्ये संपला आणि मालिका त्यानंतर नऊ वर्षे चालली. एखादी गोष्ट ज्या कारणाने सुरू होते, त्याच कारणाने ती टिकते असे नाही.

तिसरे कारण तंत्रात सापडते. १९४० मध्ये सुदेकच्या पाहण्यात १९०० च्या सुमाराचे एक जुने छायाचित्र आले. ते निगेटिव्ह कागदावर थेट ठेवून काढलेले होते. त्यातील सूक्ष्म छटा पाहून त्याने चित्र मोठे करण्याची रीत सोडली. आता हव्या त्या आकाराचे चित्र मिळवायचे, तर तेवढ्याच मोठ्या निगेटिव्हचा अवजड कॅमेरा एका हाताने मांडणे आणि प्रकाश पुरेसा पडेतो थांबणे आले. अशा चित्रात क्षण नसतो, साचलेला काळ असतो. काचेवरील दव, हिम व थेंब आणि त्यांपलीकडचे बागेतील वाकडे झाड यांना हीच सावकाश दृष्टी मानवणारी होती.

शिवाय सुदेक एकलकोंडा नव्हता. त्याच्याकडे मित्र ग्रामोफोनवर संगीत ऐकण्यास जमत. आणि १९५९ साली निघालेल्या त्याच्या प्रागविषयक ग्रंथातील २८४ विस्तीर्ण दृश्ये घरात बसून मिळालेली नाहीत.

तात्पर्य, खिडकीतील एकांत हा नियतीने लादलेला नसून कारागिराने पत्करलेला आहे. त्या चित्रांना केवळ जखमेचा पुरावा मानणे म्हणजे सुदेकचा हात दुसऱ्यांदा हिरावून घेणे होय; कारण उरलेल्या हाताने त्याने काय निवडले, हाच इतिहासकाराचा खरा प्रश्न आहे.