होडी की ट्यूब?

शनिवारी बाइक काढली आणि भोरजवळ भाटघरच्या पाण्यावर गेलो. एक कातकरी दादा ट्रकच्या फुगवलेल्या ट्यूबवर बसून जाळं ओढत होते. पाय पाण्यातच. मनात आलं, हे होडी का घेत नाहीत?

आता थोडा इतिहास (कंटाळू नका!). इथलं मोठं धरण 1928 साली पुरं झालं, ते नीरेच्या कालव्यांसाठी. पाणी गेलं बारामती-फलटणकडे, भोरकडे राहिला जलाशय. कातकरी मूळचे खैरापासून कात काढणारे, होडीचा वारसा त्यांच्याकडे येणार कुठून?

मग हिशेब मांडला. लाकडी होडीला दरवर्षी डागडुजी. फायबरची टिकते, पण महाग. 2020 च्या मत्स्यसंपदा योजनेत अनुसूचित जमातींना 60 टक्के अनुदान आहे. उरलेले 40 आणायचे कुठून? ट्यूबला ठिगळ लावलं की झालं. पण वारा सुटला की तीच जिवावर बेतते.

शेवटी दादांनाच विचारलं. म्हणाले, "होडी घेईन की. पण उन्हाळ्यात पाणी पार खाली जातं. चिखलातनं ती एकट्यानं कशी ओढू?"

आणि ट्यूब खांद्याला अडकवून ते चढ चढून गेलेसुद्धा.