मालसूचीचे वाचन : व्हिक्टोरिया डॉक, १९४४

इतिहासाच्या साधनांमध्ये जहाजाच्या मालसूचीला फारसा मान नाही. ताम्रपट, बखरी, पत्रव्यवहार यांवर आपण तुटून पडतो. कोणत्या जहाजात कोणता माल कोठे रचला होता हे सांगणारा कागद मात्र कारकुनी म्हणून बाजूला पडतो. ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजाची मालसूची अशी बाजूला सारता येत नाही. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये जे घडले, ते बरेचसे तिच्यात आधीच लिहून ठेवलेले होते.

कॅनडात १९४२ साली बांधलेले हे जहाज २४ फेब्रुवारी १९४४ रोजी इंग्लंडमधील बर्कनहेडहून निघाले. पोटात सुमारे १,४०० टन दारूगोळा, आणि सुमारे ८ लाख ९० हजार पौंड किमतीच्या सोन्याच्या विटा. दारूगोळ्याने भरलेले जहाज ही युद्धकाळात नवलाची गोष्ट नव्हती. खरी चूक वाटेत, कराचीला झाली. तेथे काही माल उतरला आणि मोकळ्या झालेल्या जागेत कापसाच्या सुमारे ८,७०० गाठी, तेलाची पिंपे, लाकूड, भंगार, गंधक असे हाताला येईल ते चढले. प्रत्येक वस्तूचा पाठवणारा वेगळा, घेणारा वेगळा, कागद वेगळा आणि बहुधा बिनचूक. कापूस पाठवणे हा गुन्हा नव्हे. पण तेलाने भिजलेला कापूस आपोआप तापतो, आणि येथे त्या गाठींच्या वरच्या मजल्यावर स्फोटके रचलेली होती. सूचीतील एकेक ओळ निर्दोष, आणि ओळींचा शेजार प्राणघातक. हा शेजार वाचणारा एक माणूस होता. कप्तान नाइस्मिथ यांनी या मिश्रणाला हरकत घेतली होती. युद्धात जागा वाया घालवता येत नाही, या उत्तरापुढे ती टिकली नाही.

१२ एप्रिलला जहाज मुंबईस लागले. स्फोटके नेणाऱ्या जहाजाने लाल बावटा लावावा हा जुना संकेत. युद्धकाळात तो पाळला जात नसे, कारण बावटा शत्रूलाही दिसतो. (१९१७ साली कॅनडातील हॅलिफॅक्स बंदर उद्ध्वस्त करणाऱ्या ‘माँ-ब्लाँ’ जहाजावरही असाच बावटा नव्हता. सत्तावीस वर्षांपूर्वीचा हा धडा कोणा बंदर अधिकाऱ्याला पाठ नसेल असे मानणे कठीण आहे.) पहिले दोन दिवस किरकोळ माल उतरवण्यात गेले. स्फोटके वाहून नेणारे पडाव वेळेवर आले नाहीत. इंजिन दुरुस्तीसाठी उघडलेले, म्हणजे जहाज स्वतःच्या बळावर हलणेही अशक्य.

१४ तारखेला दुपारी साडेबाराच्या सुमारास शेजारच्या जहाजांवरील काहींना धूर दिसला होता. त्यांनी तो कोणाला कळवला नाही. दोनच्या सुमारास दोन क्रमांकाच्या कप्प्यातील आग ध्यानात आली. त्यानंतरचे दोन तास या प्रकरणातील सर्वांत वेदनादायक. बंब आले, शेकडो टन पाणी आत ओतले गेले. जहाज बाहेर ओढावे की जागीच बुडवावे यावर मतमतांतरे झाली, पण अंतिम आज्ञा देणारा एक अधिकारी तेथे नव्हता. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, चार चौतीसला दुसरा. शेजारची जहाजे बुडाली, हजारो टन धान्य जळाले, सुमारे ८०,००० माणसे बेघर झाली. सिमल्याच्या भूकंपमापकावर हादरा नोंदला गेला. लष्करी नियंत्रणामुळे वृत्तपत्रे गप्प राहिली. जगाला बातमी दिली ती जपान्यांच्या ताब्यातील सायगाव रेडिओने.

चौकशी आयोगाने दोषांची मांडणी नेटकी केली: कापसावर स्फोटके रचणे, बावटा न लावणे, उतरवण्यातील दिरंगाई, अग्निशमन दलाला उशिरा कळवणे. यांपैकी एकही गोष्ट अज्ञानातून घडलेली नाही. आग कामगाराच्या विडी-सिगारेटमुळे लागली असावी असाही तर्क झाला. तो खरा असू शकेल. पण जेथे एका थोटकाने शहराचा एक भाग उडतो, तेथे थोटकावर थांबणारे स्पष्टीकरण अपुरे आहे. पुढे १९६५ साली घातक मालाच्या सागरी वाहतुकीची आंतरराष्ट्रीय संहिता आली. कोणता पदार्थ कशाच्या शेजारी ठेवू नये याचे तिच्यातील कोष्टक वाचताना कराचीचा धक्का आठवल्यावाचून राहत नाही. आज कंटेनरवर खोटे नाव घालून घातक माल धाडला जातो, तेव्हा हे कोष्टकही आंधळे होते. १९४४ च्या सूचीत निदान कापसाला कापूस म्हटले होते.

एका बाबतीत मात्र ही सूची फार काटेकोर आहे. सोन्याच्या विटा १२४ होत्या, पेट्या ३१. स्फोटानंतर एक वीट मैलभर दूर एका पारशी गृहस्थाच्या घरी जाऊन पडली, तिचेही वजन नोंदले आहे: अठ्ठावीस पौंड. मृतांचा आकडा मात्र ८०० पासून १,३०० पर्यंत कोठेही सापडतो. अग्निशमन दलातील साठाहून अधिक जवानांची स्मृती भायखळ्याच्या मुख्यालयातील स्मारकाने जपली आहे, आणि १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. धक्क्यावर रोजंदारीने काम करणारे कोणत्याही सूचीत नव्हते. त्यामुळे त्यांच्यातले किती गेले हे ताडून पाहण्यासाठी कागदच नाही. सोन्याच्या विटा मात्र गाळ उपसताना पुढे १९७० च्या दशकापर्यंत सापडत राहिल्या.