दाजीपूरचे रान : हुकूम कोणाचा?



पावसाळा लागला की कोल्हापूरकराच्या तोंडी राधानगरीचे नाव रोज येते. धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे. त्यांतले किती उघडले हे ऐकून पंचगंगेकाठचे लोक सामानाची बांधाबांध करायची की नाही ते ठरवतात. २०१९ चा महापूर तर आपण कोणीच विसरणार नाही. परंतु त्या दरवाजांमागचे पाणी येते कोठून, याची चौकशी आपण क्वचितच करतो. ते येते दाजीपूरच्या रानातून, आणि त्या रानाचा इतिहास हा आमचा आजचा विषय आहे. आम्ही प्राणिशास्त्राचे पंडित नव्हे. कामगारांच्या सभा घेण्यात आमची हयात गेली. तेव्हा रानाकडे पाहतानाही आम्हांला तेच जुने प्रश्न पडतात : येथे हुकूम कोणाचा चालतो, आणि झळ कोणाला लागते?

पहिला हुकूम अर्थातच दरबारचा. हे रान करवीर छत्रपतींचे शिकारीचे राखीव रान होते. गंमत अशी, की राजाला शिकार हवी म्हणून ते राखले गेले आणि राखले गेले म्हणूनच गवे उरले. याउलट माळावर काय झाले पाहा. काळविटांच्या शिकारीसाठी आपल्या संस्थानात चित्ते पाळीत. पण माळाला वाली कोणी नव्हता. माळ नांगराखाली गेले, काळवीट आटले, आणि १९५२ साली चित्ता या देशातून नामशेष झाल्याचे सरकारने जाहीर केले.

ज्या शाहू महाराजांना शिकारीचा नाद, त्यांनीच याच रानाच्या पायथ्याशी भोगावती अडवण्याचा घाट घातला. १९०९ च्या सुमारास काम लागले. महाराज १९२२ साली गेले तेव्हा धरण अपुरेच होते. संस्थान १९४९ मध्ये विलीन झाले, आणि मग पन्नाशीच्या दशकात ते काम पुरे झाले. पुढे लगेच, १९५८ साली, त्या वेळच्या मुंबई राज्याने दाजीपूरला अभयारण्य जाहीर केले. पाटीवर नाव मात्र पडले 'बायसन'चे. गवा हा बायसन नव्हेच. तो आपल्या गाईबैलांच्याच कुळातला. हजार किलोच्या घरात जाणारा नर, गुडघ्याखाली पांढरे मोजे घातल्यासारखे पाय. एकदा पाहिला की माणूस विसरत नाही. १९८५ साली हद्द वाढून अभयारण्य ३५१ चौरस किलोमीटरांचे झाले आणि त्याला राधानगरीचे नाव मिळाले. २०१२ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीतही ते गेले.

शिकारगाहीचे अभयारण्य झाले, अभयारण्याचा वारसा झाला. परंतु रानात म्हशी राखणाऱ्या गवळी धनगराला यांपैकी कोणत्या वेळी कोणी विचारले? राजाच्या वेळी तो हाकारा घालायला होता. सरकारच्या वेळी तो अतिक्रमण ठरला.

आता आमच्या स्वतःच्या पदरचे सांगतो. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी या डोंगरातल्या एका सड्यावर बॉक्साइटची खाण होती, आणि खाणीत आमची युनियन. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचे जांभ्याचे पठार. खाण बंद करा अशी मागणी झाली, तेव्हा आम्ही गेटवर उभे राहून भाषण ठोकले : 'गव्याला पोट आहे, कामगाराला नाही काय?' टाळ्या उदंड पडल्या. सभेनंतर खालच्या वाडीतली एक म्हातारी पुढे आली. म्हणाली, "दादा, तुमचं खरं हाय. पर खाण लागल्यापास्नं आमचा झरा मार्गशीर्षातच आटतोय, त्येचं काय करायचं?"

आमच्यापाशी उत्तर नव्हते. ते पुढे पुस्तके वाचून, लोकांना विचारून मिळवावे लागले. जांभा सच्छिद्र असतो. पावसाळाभर तो पाणी पितो आणि खालच्या चिकण थरावरून ते सावकाश कडेला झऱ्यांतून सोडतो. बॉक्साइट असते नेमके त्या जांभ्याच्या पोटात. ते उपसले, की पाणी साठवणारा दगडच उपसला जातो. सड्यावरचे पावसाळी गवत गव्याचे, आणि खालचा झरा वाडीचा. दोघांचे पोट एकाच दगडावर. आमच्या भाषणात आम्ही त्यांना समोरासमोर उभे केले होते. मालकाला याहून सोयीचे भाषण आम्ही आयुष्यात केले नसेल. खाण बंद झाली तेव्हा कामगारांना जे मिळायला हवे होते तेही पुरते मिळाले नाही, हे तितकेच खरे.

आणि गवा काही हद्दीचा नकाशा वाचत नाही. रानाच्या कडेपर्यंत ऊस आला. उसाला पाणी त्याच धरणाचे. गवा उसात शिरतो. २०२१ च्या डिसेंबरात तो थेट आपल्या शहराच्या वेशीवर आला, आणि जवळच्या गावात एका तरुणाचा जीव गेला. शहरात मोबाइल घेऊन बघ्यांची जत्रा लोटली होती. भ्यालेले जनावर पळणार तरी कोठे?

नोव्हेंबर २०२३ पासून काळम्मावाडीचे पाणी थेट नळाने शहरात येऊ लागले आहे. त्या जलाशयाची एक कडही याच अभयारण्याला लागून आहे. त्या म्हातारीची सून उन्हाळ्यात अजून डोक्यावर हंडे घेऊन चढ चढते. गेल्या वैशाखात आम्ही वाडीवर गेलो, तेव्हा तिने प्यायला तांब्या दिला आणि विचारले, "कोल्हापुरात नळाला रोज येतं व्हय?" आम्ही पाणी प्यालो. दुसरा तांब्या मागायचे धाडस झाले नाही.