‘कोणाचा भाऊ रे तू?’



स्मरणिकेसाठी शाळेचा इतिहास लिहायचे काम समितीने माझ्याकडे सोपवले, तेव्हा मी आधी शाळेचे कार्यालय गाठले. लिपिकांनी कपाटातून जुनी जनरल रजिस्टरे काढून दिली. पायाभरणी, संस्थापक, बोर्डात चमकलेली मुले अशी टिपणे काढायची ठरवून बसलो होतो. पण पाने उलटताना नजर भलतीकडेच अडली. तेच आडनाव, तीच चाळ, तोच खोली क्रमांक, दर दोन वर्षांनी पुन्हा पुन्हा.

त्यात आमचीही खोली होती. आम्ही पाच भावंडे. ताई जून १९६५ मध्ये पहिलीत आली आणि १९७५ साली दहावीच्या पहिल्याच बॅचला बसली. शेंडेफळ १९८३ साली बाहेर पडले. गिरगावातल्या एका खोलीने या शाळेला सलग १८ वर्षे विद्यार्थी पुरवले. त्यातली दोन वर्षे तर आम्ही पाचही जण एकाच वेळी इथे होतो. ताईचे भूगोलाचे पुस्तक माझ्यापर्यंत येईतो त्याचे कव्हर तीनदा बदललेले असे.

आठवते ना, नव्या इयत्तेत पहिल्या दिवशी बाई काय विचारायच्या? ‘‘कोणाचा भाऊ रे तू?’’ उत्तर दिले की आपला हिशेब मांडून व्हायचा. हुशार ताईचा भाऊ असेल तर अपेक्षा, दंगेखोर दादाचा असेल तर पहिला बाक. शाळा आपल्याला एकेकटे ओळखत नसे, घराने ओळखे.

आता अ, ब, क, ड या चार तुकड्यांच्या जागी एकच तुकडी उरली आहे. आपण भेटलो की ‘शाळा पूर्वीसारखी राहिली नाही’ असे म्हणतो. रजिस्टर पाहिल्यावर मला वाटले, शाळेच्या आधी आपली घरे बदलली.

ही गोष्ट आपल्याच भागात, फार आधी सुरू झाली. विल्सन कॉलेजात गणित शिकवणाऱ्या र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. त्यापायी त्यांना नोकरी सोडावी लागली, पुढे ‘समाजस्वास्थ्य’ मासिकासाठी खटलेही सोसावे लागले. १९५२ साली तेच काम सरकारचा कार्यक्रम झाले. आपल्या लहानपणी दवाखान्याच्या भिंतीवर लाल त्रिकोण आणि चार हसरे चेहरे होते. त्या सुमारास, १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला, देशात एका स्त्रीला सरासरी पाचाहून अधिक मुले होत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १९९२-९३ साली महाराष्ट्रात हा आकडा २.९ होता, २०१९-२१ मध्ये तो १.७ वर आला. लोकसंख्या आहे तेवढी राहायला २.१ लागतो.

ही घट वाईट नाही. आईचे हाल कमी झाले, मुली शिकल्या, उशिरा लग्ने झाली. आपल्या वर्गातल्या मुलींना शिकून नोकरी करा असे याच शाळेने सांगितले होते. त्यांनी ऐकले. पण पाच मुलांचे घर शाळेला १८ वर्षे पुरते, एका मुलाचे घर दहाच.

त्यात घरेही गिरगावात राहिली नाहीत. भाडेनियंत्रणामुळे खोली स्वस्तात टिकली, पण ती वाढली नाही. दोन भावांची लग्ने झाली की एक डोंबिवलीला, दुसरा बोरिवलीला. खोलीत आई-वडील राहिले. २००१ च्या जनगणनेत मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या ३३.३८ लाख होती, २०११ मध्ये ती ३०.८५ लाख झाली. उपनगरे फुगत असताना शहर आटत होते.

तिसरे कारण लिहिताना हात अडखळतो. मला एकच मुलगी. पाच मुलांच्या बापाला फी परवडत नव्हती, म्हणून शाळा निवडायचा प्रश्नच नव्हता. मला परवडत होती, आणि एकुलत्या एका मुलीच्या बाबतीत चूक करायची भीतीही होती. मी तिला इंग्रजी माध्यमात घातले. तुमच्यापैकी किती जणांनी वेगळे केले? २०१२ च्या कायद्याने स्वयंअर्थसहाय्यित शाळांना रीतसर वाट मिळाली, तेव्हा त्यांचा ग्राहक आपल्या घरांत आधीच तयार होता.

खाजगी अनुदानित शाळेला याचा फटका कसा बसतो, ते नीट समजून घ्यायला हवे. शिक्षकांचे पगार सरकार देते, पण किती शिक्षकांचे, हे संचमान्यतेत पटावरून ठरते. शिक्षण हक्क कायद्याने पाचवीपर्यंत ३० मुलांमागे एक शिक्षक धरला आहे. पट घटला की तुकडी जाते, तुकडी गेली की शिक्षक अतिरिक्त ठरतो आणि त्याचे समायोजन दुसरीकडे होते. शिक्षक गेलेले पाहून पालक बिचकतात, पट आणखी घटतो. मे महिन्याच्या उन्हात आपल्या शाळेच्या बाई घरोघर प्रवेशासाठी फिरतात, हे मला रजिस्टर चाळताना कळले. मान खाली गेली.

आजच्या पटावरचे पत्ते मी पाहिले. इमारतींच्या रखवालदारांची, घरकाम करणाऱ्या मावश्यांची, हातगाडीवाल्यांची मुले आहेत. या घरांचा शाळेवर भरवसा आहे. मात्र तीन वर्षांचे मूल जिथे नर्सरीत जाते तिथेच पुढे राहते, आणि बालवर्गाला सरकारी अनुदान नाही. आपला बालवर्ग पैशांअभावी दोन वर्षांपूर्वी बंद पडला.

मेळाव्याच्या निधीतून सभागृहाला संगमरवर बसवावा आणि आपल्या बॅचची नावे कोरावीत, असा एक प्रस्ताव आहे. माझा त्याला विरोध आहे. त्या पैशातून बालवर्गाच्या दोन शिक्षिकांचे तीन वर्षांचे मानधन द्यावे, असे मी सुचवतो. गेलेली माणसे त्याने गिरगावात परतणार नाहीत, हे मला कळते. पण इथे जी मुले आहेत, ती तरी आपल्या दारावरून पुढे जाऊ नयेत.

आपली नावे रजिस्टरात आहेतच, बाईंच्या सुबक अक्षरात, भावंडांच्या नावांच्या आगेमागे. ती पुन्हा दगडात कोरायची काय गरज?